आजारपणाची भिशी

२ सप्टेंबर, मंगळवार

ही वही यांची. दोनशे पानी, आडव्या रेघांची. अर्जांचे कच्चे मसुदे लिहायला आणली होती. पहिल्या पानावर ‘प्रति, मा.’ एवढंच लिहिलंय, पुढे पान कोरं. त्या मा. ला काय सांगायचं होतं ते मला पाठ आहे. अकरा वेळा सांगून झालं होतं. बाराव्या अर्जाला माणूस पुरला नाही. वही वाया कशाला घालवायची, म्हणून मी लिहिते आहे.

यांचं नाव देवराम. कोलशेतच्या रंगाच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं काढली आणि रिटायर झाल्यावर एकच काम धरलं. दिव्यात, आमच्या वस्तीत, सरकारी दवाखाना हवा. दर सहा महिन्यांनी एक अर्ज, त्यावर पोच, आणि पोच ट्रंकेत. गेल्या वर्षी मार्चमध्ये छातीत कळ आली. चाळीतल्या उत्तमच्या रिक्षातून निघालो आणि शीळफाट्याला अडकलो. पन्नास मिनिटं. हे माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाले, “पुढच्या अर्जात हा वेळ घालायला पाहिजे.” त्यानंतर काही बोलले नाहीत.

जुलैमध्ये दवाखाना आला. आमच्याच गल्लीच्या तोंडाला, दोन गाळे एक करून. पाटीला झेंडूची माळ, पेढे, सगळं झालं. अर्जदार तेवढा नव्हता.

आज तिकडून जाताना दारावर कागद दिसला. कागद सगळ्यांना दिसतात, वाचते मी एकटीच. शाळा माझी दुसरीपर्यंत. पुढचं वाचन भज्यांच्या कागदावर झालं, त्यामुळे तेलाचा डाग पडलेलं मला जास्त चांगलं वाचता येतं. हा कागद स्वच्छ होता, म्हणून दोनदा वाचावा लागला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत रोजची सरासरी साठ रुग्ण झाली नाही, तर हे केंद्र ‘अधिक गरज असलेल्या ठिकाणी’ हलवण्यात येईल.

आत सिस्टर प्रीती रजिस्टरवर रेघा मारत बसली होती. विचारलं, रोज किती येतात.

“सतरा,” ती म्हणाली. “त्यातले दोन पंख्याखाली बसायला.”

मोरीत मुंग्या फार झाल्यात. खडू आणला.

४ सप्टेंबर, गुरुवार

प्रभाग ऑफिसात गेले. आरोग्याचा आराखडा मागितला. खिडकीतला क्लार्क म्हणाला, “मावशी, ते टेक्निकल असतं.”

म्हटलं, “मग मी हळूहळू वाचते.”

दोन तास वाचलं. मधे चार वेळा पाणी प्यायला उठले, एवढी तहान लागते हल्ली. अक्षरंही अंधुक छापलेली होती. पण मुद्दा कळला. त्यात दिव्याची लोकसंख्या २०११ची आहे. तेव्हा निम्मा दिवा यायचाच होता. नकाशात आमच्या चाळीच्या जागी ‘खाजण जमीन’ लिहिलंय. म्हणजे कागदावर मी, माझा गॅस, माझी ट्रंक असे सगळे चिखलात उभे आहोत.

क्लार्कला दाखवलं. तो म्हणाला, “माणसं मोजणं आमच्याकडे नाही. आम्ही रुग्ण मोजतो. पैसा वित्त आयोगाचा, तो आकड्याच्या मागे जातो. आकडा कोलशेतच्या नव्या टॉवरकडे असेल तर दवाखाना तिकडे.”

“टॉवरवाले सरकारी दवाखान्यात येतील?”

“ते विचारायचा कॉलम नाहीये.”

घरी येताना ठरवलं. माणसं मोजत नाहीत ना, मग रुग्ण मोजून देऊ.

५ सप्टेंबर, शुक्रवार

लोक दवाखान्यात का जात नाहीत ते विचारत फिरले.

उत्तम म्हणाला, “मावशे, फुकटची गोळी म्हणजे खडू. सुई टोचल्याशिवाय रोग घाबरतो का?” तो नाक्यावरच्या डॉक्टरकडे जातो. तिथे सर्दीलाही सलाइन लावतात आणि बाटली संपेपर्यंत टीव्ही बघायला मिळतो.

शेजारची संचिता, दोन मुलांची आई, शिवणकाम करते. ती म्हणाली, “जायचं कधी ते सांगा ना. पाणी येतं साडेनऊला, जातं दोनला. हंडा लाइनीत ठेवून गेली तर आल्यावर हंडा गटारात. आणि दवाखाना नऊ ते दोन. हे टाइम कोणी ठरवलं?”

“ज्याच्या घरी नळाला चोवीस तास पाणी आहे त्याने,” मी म्हटलं.

एवढी साधी गोष्ट. आराखड्याच्या एकशे चौदा पानांत पाण्याच्या वेळेबद्दल अक्षर नाही.

७ सप्टेंबर, रविवार

आज आमच्या भिशीचा दिवस. बेचाळीस बायका, गेली नऊ वर्षं. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव निघेल तिची भिशी. कोणी बुडवलेली नाही आजवर, नवरे बुडाले तरी.

पैशाची चिठ्ठी काढून झाल्यावर मी दुसरा डबा काढला. म्हटलं, आता आजारपणाची भिशी. चिठ्ठीवर वार आहे. जिचा जो वार, त्या वारी तिने घरातली चार-पाच माणसं घेऊन दवाखान्यात जायचं. तिचे हंडे तिच्या शेजारणीने भरायचे. शेजारीण आजारी पडेल त्या दिवशी हिने भरायचे.

संचिता म्हणाली, “पण आजार कुठला सांगायचा? माझं सगळं चांगलंय.”

“आणि जे चांगलं नाही ते बाकड्यावर दहा जणांसमोर सांगणार का,” मागून कोणीतरी म्हणालं. हसल्या सगळ्या. खरंच होतं ते.

मी विचार करून म्हटलं, “ज्यांना सांगण्यासारखं आहे त्यांनी ते सांगा. नसेल तर म्हणायचं, रात्री ताप येऊन गेला. येऊन गेलेला ताप थर्मामीटरला सापडत नाही.”

ही युक्ती मला सगळ्यात पसंत पडली. गोळ्या कोणी खायच्या नाहीत, मला आणून द्यायच्या. सरकारचा माल आहे, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवीन आणि मुदत संपायच्या आत परत करीन.

९ सप्टेंबर, मंगळवार

आकडा एक्केचाळीस. प्रीतीने रजिस्टरचं पान उलटलं तेव्हा तिचा हात थांबला. म्हणते, उद्घाटनापासून पहिल्यांदा एका दिवसात पान भरलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

एकोणसाठ. उत्तमची बायको माहेरी गेली नसती तर साठ झाले असते.

दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणजे डॉक्टर क्षिप्रा. डोंबिवलीची मुलगी, अजून तिशीची नाही, कंत्राटावर आहे. शुद्ध बोलते आणि रजिस्टर लिहिताना जीभ दाताखाली धरते. आज मला बाहेर गाठलं.

“शांताबाई, एक विचारू का? या वस्तीत सगळ्यांना रात्रीच ताप येतो?”

“दिवसा पाणी भरायचं असतं, मॅडम.”

ती म्हणाली, “रोज सगळ्यांबरोबर तुम्ही येता. तुमचा केसपेपर कधी निघाला नाही तो?”

“मी सोबतीला असते.”

“पायाला काय झालंय?”

चपलेचा अंगठा लागला होता गणपतीत, तो अजून ओला आहे. हळद लावते. तिला म्हटलं, नवी चप्पल आहे, दुसरं काही नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

भिशीत एक गंमत व्हायला लागली आहे. बायका सांगायला जातात येऊन गेलेला ताप आणि आत गेल्यावर दुसरंच सांगून बसतात. संचिता आज वीस मिनिटं आत होती. बाहेर आली ती डोळे पुसत. म्हटलं, काय झालं गं.

“काही नाही. रक्त कमी आहे म्हणे. खूपच कमी. मला वाटायचं मी आळशी झालेय. सासू तेच म्हणते ना.”

तिने गोळ्या मला दिल्या नाहीत. “या खऱ्या आहेत, मावशी. या बरणीत नाही जाणार.”

बरणी तशीही गळ्यापर्यंत आली आहे. प्रीती सांगत होती की तापाच्या गोळ्यांचा साठा संपला, वर मागणी केलीय. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वर्तमानपत्र वाचायला त्रास होतो. शाई पातळ करतात हल्ली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

घोटाळा झाला.

सकाळी पांढरी गाडी आली. मग धुराचं मशीन. आमच्या गल्लीत एवढा धूर केला की डासांबरोबर आम्हीही पळालो. सहा माणसं मास्क लावून घरोघरी पिंपात बॅटरी मारत होती. मी एकाला विचारलं, काय झालं.

“ताई, तापाची साथ आहे. तीन आठवड्यांत सहाशेच्या वर पेशंट. रोजची नोंद पोर्टलवर जाते, तिथे दिवा लाल झालाय. तुम्ही पाणी उकळून प्या.”

दुपारी विठ्ठलवाडीहून मायाचा फोन. माया माझी लेक.

“आई, तू बरी आहेस ना? इथे ग्रुपवर आलंय, दिव्यात अज्ञात ताप. रात्री येतो, सकाळी सापडत नाही.”

मी डब्यात चिठ्ठ्या टाकून तयार केलेला ताप मला विठ्ठलवाडीहून परत मिळाला. तोही अज्ञात होऊन.

“मी उद्या येऊ का न्यायला?”

“नको. मला काय झालंय?”

“तू रक्त तपासून घे आधी. घेणार ना? आई, हो म्हण.”

म्हटलं, दुधाचा भैय्या आलाय, ठेवते. तिला माहीत आहे मी पिशवीचं दूध घेते.

२७ सप्टेंबर, शनिवार

उत्तम आला. तोंडाला रुमाल, त्यावर मास्क, त्यावर हेल्मेट. म्हणाला, दिव्याची रिक्षा म्हणून मानपाड्यावर पॅसेंजर बसत नाही. “मावशे, मला पण काल रात्री आल्यासारखा वाटला गं.”

“काय?”

“तोच. अज्ञात.”

त्याला खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण तो एवढा घाबरला होता की फुकटच्या दवाखान्यात जायला तयार झाला. गेला. प्रेशर एकशे नव्वद निघालं. डॉक्टर क्षिप्राने त्याला दोन तास बाकड्यावर झोपवून ठेवला. हाच माणूस रोज शीळफाट्यावरून पोरांच्या शाळेची रिक्षा चालवतो.

लिहिताना हसू येत होतं, ते या ओळीपाशी गेलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

वरच्या ऑफिसातून साथरोगांचे साहेब आले. डॉक्टर त्र्यंबक दामले. किडकिडीत, पांढऱ्या मिशा, चष्मा दोरीला बांधलेला. प्रीती म्हणते पुढच्या वर्षी रिटायर होतायत आणि आजवर कोणाच्या हातचा चहा प्यायलेले नाहीत.

त्यांच्या माणसांनी तीन दिवसांत एकशे छप्पन्न जणांचं रक्त घेतलं होतं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, काहीच नाही. साहेब बाकड्यासमोर उभे राहून म्हणाले, “बत्तीस वर्षं नोकरी झाली. इतक्या लोकांना ताप आणि एकाच्या अंगात जंतू नाही, असं मी पाहिलं नाही.”

बाकड्यावरच्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग ते आत गेले. दार लावलं तरी गाळ्याचा पत्रा पातळ आहे. आकडा वाढवण्यासाठी बोगस नोंदी केल्या असा संशय आहे, लेखी खुलासा द्या, समाधान झालं नाही तर कंत्राट संपलं असं समजा. डॉक्टर क्षिप्रा एवढंच म्हणाली, “सर, माणसं आली होती. प्रत्येकाला मी स्वतः तपासलंय.”

साहेब म्हणाले, “कशासाठी तपासलंत तेच मला समजत नाही.”

ते गेल्यावर मी डोकावले. ती औषधांच्या कपाटाकडे तोंड करून पाकिटं सरळ लावत होती. आधीच सरळ होती ती.

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दवाखाना वाचवायचा तर दवाखान्यात बसणारं माणूसही त्यात आलं, एवढं मला सुचू नये.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसून विहारात गेले. यांच्या मागे ही दुसरी वेळ. चप्पल काढली तेव्हा अंगठ्याला वास आल्यासारखा वाटला. घरी येऊन पुन्हा हळद भरली.

पंचशील घेताना पहिली तीन शीलं खणखणीत म्हटली. चौथं आलं. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. ओठ हलले, आवाज आला नाही. पाचव्याला परत आला.

संचिता शेजारी होती. कानात म्हणाली, “मावशी, चौथ्याला तुमची रेंज गेली.”

“तुझी?”

“मी पण म्युट होते.”

मागे वळून पाहिलं तर भिशीची अख्खी रांग पायाच्या नखांकडे बघत होती.

उद्या साहेब खुलासा घ्यायला येणार आहेत. त्याआधी मी जाणार. संचिता म्हणते, मावशी, पोलिसात देतील. म्हटलं, दिलं तर तिथून अर्ज करीन.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

पिशवीत भिशीची वही, लोणच्याची बरणी आणि ट्रंकेतली अकरा अर्जांची फाइल घेतली. साहेब खुर्चीवर, डॉक्टर क्षिप्रा उभी, प्रीती दाराशी. मी बरणी टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“ताप,” मी म्हटलं. “सगळा यात आहे. एक हजार आठशे चव्वेचाळीस गोळ्या. मोजून घ्या.”

मग भिशीची वही उघडून दाखवली. कोणाचा वार कुठला, कोण किती माणसं घेऊन गेलं, कोणाचे हंडे कोणी भरले. साहेबांनी चष्मा लावला आणि पान उलटत राहिले.

“हे तुम्ही केलंत?”

“हो. मॅडमना माहीत नव्हतं. त्यांनी एकदा विचारलं होतं, मी खोटं सांगितलं.”

“का केलंत?”

“साठ पाहिजे होते ना तुम्हाला.”

त्यांनी विचारलं की खरे आजारी असताना खोटे कशाला आणायचे. मी पाण्याची वेळ सांगितली, साडेनऊ ते दोन. दवाखान्याची वेळ सांगितली. त्यांनी दोन्ही आकडे माझ्या वहीच्या कडेला शेजारी शेजारी लिहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

“हे आराखड्यात कसं नाही?” ते म्हणाले, पण मला नाही. कोणालाच नाही.

मी फाइल पुढे केली. “पाण्याचं यात आहे. चौथ्या अर्जात. आणि सातव्यात परत.”

प्रीतीने काय सुचून आणलं देव जाणे, चहाचा कप ठेवला. साहेब अर्ज वाचत होते. यांचं अक्षर मोठं आणि गोल, शेवटी नेहमी ‘तरी मेहेरबानांनी दखल घ्यावी’. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या अर्जावर कोपऱ्यात हिरव्या शाईत शेरा आहे, ‘निधी उपलब्ध नाही. दप्तरी दाखल.’ खाली छोटी सही. आठव्यापाशी साहेब फार थांबले. त्या सहीवरून अंगठा फिरवला, पुसली जाते का बघितल्यासारखा. साहेब लोकांच्या हिरव्या सह्या मला तरी सगळ्या सारख्याच दिसतात.

“हे अर्जदार कुठे आहेत?”

“शीळफाट्याला गेले. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये. पन्नास मिनिटं गाडी हलली नाही.”

साहेबांनी चहाचा कप उचलला आणि सगळा प्यायले. गार झाला होता.

मग डॉक्टर क्षिप्रा बोलली. “सर, रक्त घेतलंच होतं म्हणून मी त्याच नमुन्यांत साखर आणि हिमोग्लोबिन बघायला सांगितलं होतं. प्रेशर मी इथेच घेत होते. एकशे छप्पन्नमध्ये अडतीस जणांची साखर वाढलेली आहे. तीस जणांना माहीतच नव्हतं. बायका निम्म्याहून जास्त रक्त कमी असलेल्या. ताप खोटा आहे, सर. माणसं खरी आजारी आहेत.”

साहेबांनी तो कागद घेतला, वाचला, घडी केली. मग माझ्याकडे वळले.

“भिशीत बेचाळीस बायका आणि चालवणाऱ्या तुम्ही. तुमचं रक्त कुठे आहे?”

“माझं काय. मी सोबतीला असते.”

“पाय आखडून का उभ्या आहात?”

“चप्पल.”

“तहान लागते?”

“ऑक्टोबर आहे, सगळ्यांनाच लागते.”

“मोरीत मुंग्या येतात?”

हे त्यांना कसं कळलं? मी म्हटलं, “येतात. चार महिने झाले. खडू मारते, तरी येतात. चाळच तशी आहे.”

डॉक्टर क्षिप्राने डोळे मिटले. साहेब म्हणाले, “बसा त्या खुर्चीवर.”

मी उभीच राहिले. आता वहीत लिहायला हरकत नाही. ही खुर्ची यांनी मागितली होती. अकरा वेळा, पोच घेऊन. त्यांना मिळाली नाही, आणि मी जाऊन आरामात बसायचं, बोट पुढे करायचं, गोळी घ्यायची आणि जगायचं, हे मला जमत नव्हतं. म्हणून चाळभर लोकांना बसवलं आणि स्वतः दाराशी उभी राहिले. हे मी तिथे बोलले नाही. एवढंच म्हटलं, “ती यांची आहे.”

कोणाला कळलं नसावं असं वाटलं. पण डॉक्टर क्षिप्रा पुढे आली, खुर्ची फडक्याने पुसली आणि म्हणाली, “शांताबाई, अर्ज त्यांनी स्वतःसाठी केला होता का? पहिली ओळ वाचा.”

पहिली ओळ मला पाठ आहे. ‘आमच्या वस्तीतील समस्त रहिवाशांकरिता.’

बसले. सुई टोचली. साखर चारशे बारा.

“आजार काय लिहू?” प्रीतीने रजिस्टर उघडून विचारलं, सवयीने.

संचिता दारातून म्हणाली, “लिही, रात्री येऊन गेला.”

साहेब हसले. मिशीतल्या मिशीत, पण हसले. मी पाहिलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

आठ दिवस रोज ड्रेसिंग. अंगठा राहील म्हणतात. अजून पंधरा दिवस हळदीवर राहिले असते तर राहिला नसता. माया येऊन चार दिवस राहिली, रागावून स्वयंपाक केला, त्यात साखर नाही, बटाटा नाही, भात चमचाभर. म्हणाली, “दुधाचा भैय्या बरा आहे ना?”

वाचताना अंधुक दिसायचं ते शाईमुळे नव्हतं म्हणे. छापखान्याची माफी मागायला हवी. मोरीतल्या मुंग्याही चाळीमुळे नाहीत, लघवीतल्या साखरेला येत होत्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पत्र आलं. दारावर चिकटवलंय, मी वाचून दाखवलं. सहाशे सत्तावीस तापाच्या नोंदी रद्द. डॉक्टर क्षिप्राला लेखी समज, कंत्राट चालू. दवाखान्याची वेळ दुपारी अडीच ते रात्री आठ. केंद्र मार्चपर्यंत इथेच, मग फेरविचार. पुढच्या वर्षीच्या आराखड्यासाठी स्थानिक मागणीचे पुरावे सादर करावेत. खाली हिरवी सही.

खरी सरासरी सत्तेचाळीस. साठ नाही. पण साखरेचे पेशंट दर महिन्याला यावेच लागतात, आणि साखर येऊन गेली असं सांगून चालत नाही, मशीनमध्ये दिसते.

भिशी मोडलेली नाही. आता डब्यात रिकाम्या पोटीच्या तपासणीचे वार आहेत. जिची साखर सगळ्यात जास्त उतरेल तिचे हंडे आठवडाभर बाकीच्यांनी भरायचे. उत्तम म्हणतो पुरुषांना का नाही घेत. म्हटलं, आधी हंडा उचलून दाखव. काल उचलला. प्रेशर बघून एकच दिला.

३० नोव्हेंबर, रविवार

आज वहीचं पहिलं पान उघडलं. ‘प्रति, मा.’ पुढे लिहायला घेतलं. बारावा अर्ज. चोवीस तास चालणारी अँब्युलन्स मागितली आहे, आणि शीळफाट्याची पन्नास मिनिटं घातली आहेत, त्यांनी सांगितली होती तशी. विषय, संदर्भ अर्ज एक ते अकरा, शेवटी मेहेरबानांनी दखल घ्यावी. अर्जदाराच्या जागी लिहिलं, शांता देवराम शेजवळ, केसपेपर क्रमांक बाराशे सहा.

अक्षर यांच्यासारखं गोल येत नाही. सराव होईल.

मोरीतल्या मुंग्या कमी झाल्यात. एखाददुसरी येते अजून, चौकशीला आल्यासारखी. खडू उरलाय पण मी मारत नाही. मोजणी त्यांनी सगळ्यांच्या आधी केली होती.